पासवर्ड पुन्हा लिहा



आपल्या दिवाळी अंकात दरवर्षी कुणी प्रवासवर्णन लिहितं, कुणी आजोळच्या आठवणी लिहितं, कुणी न फसणाऱ्या चकलीची कृती देतं. मी वेबसाइट बनवणारा माणूस. संपादकांचा "या वर्षी तरी काहीतरी द्या" हा निरोप तिसऱ्यांदा आला, तेव्हा लक्षात आलं की माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती माझ्या एका चुकीची आहे. तुमच्यापैकी काहींनी ती चूक भोगलीही आहे. ती माझी होती, एवढंच तुम्हाला माहीत नाही.

मागच्या वर्षी मंडळाची सभासद नोंदणी ऑनलाइन करायचं ठरलं. तोवर आपलं सगळं कागदावर चालायचं. गणपतीच्या दिवशी हॉलच्या दाराशी टेबल, त्यावर वही, आणि वहीत 'श्री. अमुक आणि कुटुंब, प्रौढ २, मुले २'. कमिटीच्या बैठकीत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान डोलावली. दोन वीकेंडमध्ये फॉर्म तयार झाला. नाव, ईमेल, पासवर्ड आणि त्याखाली आणखी एक रकाना : 'पासवर्ड पुन्हा लिहा'. दोन्ही जुळले नाहीत तर लाल अक्षरांत सूचना येई, जुळले तर फॉर्म पुढे जाई. मी मुद्दाम चुकीचा पासवर्ड घालून पाहिला, सूचना आली. बरोबर घालून पाहिला, फॉर्म पुढे गेला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकली आणि हातासरशी पाठ थोपटून घेतली.

बहुतेकांची नोंदणी झाली. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. गणपतीच्या दिवशी हॉल भरला, आरती झाली, जेवणाच्या रांगा लागल्या. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "या वर्षी मोदक बाहेरून आणले का?"

तेव्हा आठवलं, की काकू आलेल्या नाहीत.

काकूंचं नाव लिहीत नाही, पण जुन्या मंडळींना कळेलच. सत्तरच्या दशकात काकांबरोबर इथे आल्या. उकडीच्या मोदकांची तांदळाची पिठी मिळत नव्हती तेव्हापासून, म्हणजे तांदूळ घरी धुऊन, वाळवून, मिक्सरवर दळण्याच्या दिवसांपासून, आपल्या गणपतीचे मोदक त्यांच्या हातचे. काका दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतरच्या गणपतीलाही काकू आल्या होत्या, पण वहीत त्यांची नोंद अजून काकांच्याच नावाखाली होती.

मी फोन केला. म्हणाल्या, "अरे, जरा बरं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी प्रसाद घेऊन गेलो. चहा झाला. निघताना त्या हळूच म्हणाल्या, "एक विचारू का? तुझ्या त्या फॉर्ममध्ये माझं काय चुकत होतं रे?"

त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं. ऑगस्टच्या पानामागे, मजकुराच्या बाजूच्या कोऱ्या जागेत, पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या. चार उभ्या, एक आडवी. पुन्हा चार उभ्या, एक आडवी. आणि शेवटी एक एकटी. अकरा. अकरा वेळा त्यांनी पासवर्ड लिहिला होता आणि अकराही वेळा माझ्या फॉर्मने सांगितलं होतं, 'पासवर्ड जुळत नाहीत'.

"मला वाटलं, आता हात थरथरतो म्हणून होत असेल," त्या म्हणाल्या. "तुला फोन करणार होते. पण तू नोकरी सांभाळून मंडळाचं करतोस, आणखी माझी कटकट कशाला?"

नोंदणी झाली नाही, म्हणजे आपलं नाव यादीत नाही. नाव यादीत नाही, तर जायचं कसं? इतका साधा विचार करून ज्यांनी इतकी वर्षं मंडळाला मोदक खाऊ घातले, त्या घरी बसल्या होत्या.

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, "काकू, माझ्यासमोर एकदा करून दाखवा. मी मध्ये बोलणार नाही." हा सल्ला माझ्या व्यवसायात सगळे एकमेकांना देतात : वापरणाऱ्याच्या शेजारी गप्प बसून पाहा. मी तो मंडळाच्या फॉर्मसाठी पाळला नव्हता. आपलीच तर माणसं आहेत, त्यात काय पाहायचं, असं वाटलं होतं.

काकूंनी पहिला पासवर्ड लिहिला. दुसरा लिहिताना एक अक्षर निसटलं. लाल सूचना आली. इथवर ठीक. काकूंनी न घाबरता दोन्ही रकाने पुसले आणि सावकाश, एकेक अक्षर मोजत पुन्हा लिहिले. या वेळी दोन्ही अगदी सारखे होते, मी बोटांकडे पाहत होतो. तरीही लाल सूचना जागची हलली नाही. तिसऱ्यांदा लिहिले. सूचना तिथेच.

चूक काय होती ते सांगतो. ब्राउझरमध्ये एखाद्या रकान्यावर आपला शेरा मारायची सोय असते. मास्तर वहीवर लाल शाईने मारायचे तसा. शेरा असेपर्यंत ब्राउझर फॉर्म पुढे पाठवत नाही. मी लिहून ठेवलं होतं की दोन पासवर्ड वेगळे असतील तर शेरा मार. पण पासवर्ड जुळल्यावर तो शेरा पुसावाही लागतो. पुसायचा म्हणजे त्याच्या जागी रिकामा शेरा लिहायचा. एका ओळीचं काम. ती ओळ मी लिहिलीच नव्हती.

म्हणजे माझ्या फॉर्ममध्ये एकदा चुकलेला माणूस कायमचा चुकलेला होता. पान बंद करून नव्याने उघडेपर्यंत त्याने काहीही केलं तरी सुटका नव्हती. ज्यांची चूक झाली नाही, ते आरामात पुढे गेले. ज्यांची झाली पण ज्यांना पान रिफ्रेश करायची सवय होती, तेही सुटले. काकू मात्र प्रामाणिकपणे चूक सुधारत बसल्या.

मी दोनच गोष्टी तपासल्या होत्या : बरोबर लिहिणारा माणूस आणि चुकीचं लिहिणारा माणूस. चूक करून ती सुधारणारा माणूस मी तपासलाच नव्हता. आणि खरं तर आपण सगळे त्या तिसऱ्या प्रकारचे असतो.

काकूंना म्हटलं, "चूक तुमची नाही, माझी आहे. तुम्ही अकरा वेळा बरोबर केलंत."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "यांच्या डायरीत सगळे पासवर्ड आहेत. बँकेचा, गॅसचा, सगळे. माझा स्वतःचा म्हणून हा पहिलाच करत होते."

मी त्याच रात्री ती ओळ लिहिली. काकूंनी आपल्या लॅपटॉपवर नोंदणी केली, दोन्ही पासवर्ड जुळले, हिरवी खूण आली. ग्रुपवर काकूंचं नाव झळकलं. माझ्या दृष्टीने गोष्ट संपली.

ती संपली नव्हती. चार दिवसांनी काकूंचा फोन. "अरे, आता मोबाइलवर तो म्हणतोय, पासवर्ड चुकीचा आहे."

आमचे खजिनदार म्हणाले, "तुझ्याकडे सगळ्यांचे पासवर्ड असतील ना? बघ आणि सांग त्यांना." हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो, म्हणून सांगतो. मंडळाकडे कुणाचाही पासवर्ड नाही. तुम्ही लिहिलेला पासवर्ड आम्ही तसाच ठेवत नाही, त्याची चटणी वाटून ठेवतो. वाटलेल्या चटणीतून खोबरं परत काढता येत नाही. पण तुम्ही पुन्हा तेच जिन्नस आणलेत आणि आम्ही त्याच रीतीने वाटले, तर तीच चटणी होते. त्यावरून कळतं की माणूस तोच आहे. शिवाय प्रत्येकाच्या चटणीत वेगळं मीठ घालतात, म्हणजे दोघांचा पासवर्ड योगायोगाने एकच असला तरी चटणी वेगळी दिसते. गंमत नाही, आमच्या धंद्यात त्याला खरोखरच मीठ म्हणतात. एखादी वेबसाइट तुम्हाला तुमचा जुना पासवर्ड ईमेलने जसाच्या तसा पाठवू शकत असेल, तर तिथे चटणी वाटलेली नाही असं समजा आणि तो पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका.

तेव्हा पुन्हा काकूंकडे गेलो. या वेळी माझी मुलगी बरोबर होती. ती इथेच जन्मलेली, नववीतली, काकूंकडचा चिवडा खायला म्हणून आलेली. मी लॅपटॉपवर पासवर्डच्या रकान्यातले काळे ठिपके तात्पुरते हटवले आणि काकूंना म्हटलं, "आता लिहा. मी तोंड फिरवतो, ही बघेल."

दोन मिनिटांनी मुलगी म्हणाली, "बाबा, आजी अ‍ॅट दाबतायत आणि अवतरणचिन्ह येतंय."

हा लॅपटॉप पुण्याहून भाच्याने आणून दिलेला. भारतात मिळणाऱ्या लॅपटॉपचे कीबोर्ड सहसा अमेरिकन मांडणीचे असतात. तिथे शिफ्ट धरून २ दाबलं की अ‍ॅटचं चिन्ह येतं. ब्रिटिश मांडणीत त्याच जागी दुहेरी अवतरणचिन्ह असतं आणि अ‍ॅट उजवीकडे एन्टरच्या जवळ. शिफ्ट आणि ३ ला तिकडे हॅश, इकडे पौंड. लॅपटॉपच्या कळांवर छापलं होतं अमेरिकन, आत सेटिंग होतं ब्रिटिश. ठिपक्यांखाली काय उमटतंय ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता. काकूंनी दोन्ही रकान्यांत तीच कळ दाबली, दोन्हीत तेच चुकीचं चिन्ह उमटलं आणि माझ्या फॉर्मने आनंदाने सांगितलं, 'पासवर्ड जुळले'. मोबाइलवर अ‍ॅट म्हणजे अ‍ॅटच. तिथे तो जुळणार कसा?

परतताना गाडीत मुलीने विचारलं, "मग तो दुसरा रकाना ठेवलाय कशाला? त्याने आजींना आधी अकरा वेळा अडवलं. आणि खरी चूक झाली तेव्हा मात्र पास केलं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळे ठेवतात म्हणून मी ठेवला होता. त्या रात्री तो आला कुठून हे शोधत बसलो.

संगणकावर पासवर्ड आला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत एमआयटीमध्ये. फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने एकच मोठा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था केली आणि प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड ठेवला. पुढे युनिक्स प्रणालीत पासवर्ड बदलताना तो दोनदा लिहायची पद्धत रुळली. तिथे पासवर्ड लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नसे, ठिपकेसुद्धा नाहीत. आंधळेपणाने लिहायचं म्हटल्यावर दोनदा लिहून घेणं शहाणपणाचंच होतं. तीच रीत वेबच्या फॉर्ममध्ये आली आणि कुणी 'का' विचारलं नाही. काही रिवाज असेच चालत येतात, ते आपल्याला नवीन नाही.

आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. ब्लेचली पार्क इथून जवळ, त्यामुळे भारतातून कुणीही आलं की त्यांना तिथे न्यायचा आमचा शिरस्ताच आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे एनिग्मा यंत्रावरचे सांकेतिक संदेश जिथे उलगडले, ती ही जागा. एनिग्माच्या गोष्टीत एक तपशील आहे, तो मी आधी ऐकला होता पण कधी मनावर घेतला नव्हता. जर्मन सैन्याचा ऑपरेटर प्रत्येक संदेशासाठी तीन अक्षरांची एक किल्ली निवडायचा आणि ती सुरुवातीला दोनदा टाइप करायचा. कारण तेच, आपलं : रेडिओच्या खरखरीत एखादं अक्षर चुकलं तर दुसऱ्या प्रतीवरून ताडून बघता यावं. पासवर्ड पुन्हा लिहा!

पण त्या पुनरावृत्तीनेच घात केला. सहा अक्षरांतलं पहिलं आणि चौथं, दुसरं आणि पाचवं, तिसरं आणि सहावं मुळात एकच आहे, हे मारियन रेयेव्स्की या पोलिश गणितज्ञाने हेरलं आणि १९३२ च्या डिसेंबरमध्ये त्याने एनिग्माची आतली रचना उकलली. १९३९ च्या जुलैत, युद्धाच्या तोंडावर, पोलिश मंडळींनी वॉर्साजवळ ब्रिटिश आणि फ्रेंचांना बोलावून हे सगळं ज्ञान त्यांच्या हवाली केलं. ब्लेचलीतलं सुरुवातीचं कामही याच दुहेरी किल्लीवर उभं होतं. १९४० च्या मे महिन्यात जर्मनांनी ही पद्धत सोडली, तेव्हा इथल्यांना नवे मार्ग शोधावे लागले.

आपल्या फॉर्ममध्ये पासवर्ड दोनदा लिहिल्याने तो असा फुटत नाही, काळजी नसावी. मला त्यातून एवढंच कळलं की एखादी गोष्ट दोनदा लिहिल्याने ती जास्त खरी किंवा जास्त सुरक्षित होत नाही. ती फक्त दोनदा लिहिली जाते.

मग खातरजमा कशी करावी? याचं उत्तर आपल्या खिशातच होतं. चेक आठवा. रक्कम अंकी आणि अक्षरी. '५०००' लिहिताना एक शून्य जास्त पडलं, तर शेजारचं 'रुपये पाच हजार फक्त' ते लगेच पकडतं. कारण एकच गोष्ट दोन वेगळ्या रीतीने लिहिली आहे आणि हाताला सहसा एकच चूक दोन वेगळ्या रीतींत होत नाही. '५००००' असं दोनदा लिहायला सांगितलं असतं, तर तेच शून्य दोन्हीकडे पडलं असतं. आपले घनपाठी वेदाचे शब्द मागेपुढे करून, उलटसुलट क्रमाने म्हणतात, त्यातही हेच तत्त्व. नुसतं दोनदा म्हटलं तर चूकही दोनदा म्हटली जाईल. या देशातल्या बँकांनी २०२० पासून हेच सुरू केलं. नव्या माणसाला पैसे पाठवताना खातं क्रमांक आणि सॉर्ट कोडबरोबर त्या खात्यावरचं नावही जुळवून बघतात. क्रमांक दोनदा लिहायला लावत नाहीत.

पासवर्डसाठी अशी 'अक्षरी' बाजू म्हणजे काय? आपले डोळे. बोटांनी लिहिलेलं डोळ्यांनी वाचायचं. म्हणून आता बऱ्याच फॉर्ममध्ये रकान्याच्या कडेला 'दाखवा' असं बटण किंवा डोळ्याचं चित्र असतं. ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटसाठी जे आराखडे सगळ्यांना खुले ठेवले आहेत, त्यातल्या पासवर्डच्या रकान्यातही असं बटण आहे. बसमध्ये असाल तर ठिपके ठेवा, घरी एकटे असाल तर दाखवा. निर्णय तुमचा.

मी दुसरा रकाना काढून टाकला. त्याऐवजी 'दाखवा' बटण ठेवलं. ते ठेवतानाही एक पथ्य पाळावं लागलं. अक्षरं दिसायला लागली की मोबाइलला तो साधा मजकूर वाटतो आणि तो आपल्या शहाणपणाने पहिलं अक्षर मोठं करतो, स्पेलिंग सुधारतो. ते बंद करून ठेवावं लागतं. पासवर्ड विसरलात तर ईमेलवर दुवा मागवायचं बटण तिथेच ठळक केलं. आणि पासवर्ड पेस्ट करायला मी घातलेली बंदी उठवली. ती बंदी सुरक्षेसाठी आहे असं मी समजत होतो. इथल्या नॅशनल सायबर सिक्युरिटी सेंटरने २०१७ मध्येच सांगितलं होतं की लोकांना पासवर्ड पेस्ट करू द्या, कारण पासवर्ड सांभाळणारी अ‍ॅप तशीच चालतात आणि बंदी घातली तर लोक सोपे पासवर्ड निवडतात.

हे वाचताना आणखी एक गोष्ट कळली, तिने मला जरा धीर आला. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, आणि दर तीन महिन्यांनी नवा पासवर्ड, या नियमांनी आपल्या सगळ्यांना छळलं आहे. त्यांचं मूळ बऱ्याच अंशी अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी संस्थेच्या २००३ च्या एका दस्तऐवजात आहे. तो भाग बिल बर यांनी लिहिला होता. निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी २०१७ मध्ये वर्तमानपत्राला मुलाखत देऊन सांगितलं की आपण लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टने नियम बदलले : लांबी महत्त्वाची, चिन्हांची सक्ती नको, उगाच बदलायला लावू नका, पेस्ट करू द्या, लिहिलेलं बघू द्या. चूक करून ती सुधारणारा तिसऱ्या प्रकारचा माणूस!

इथे मुलीने आणखी एक प्रश्न टाकला होता. "पासवर्ड मराठीत ठेवला तर?" आम्ही करून पाहिलं. 'दिवाळी' लिहिलं. आपल्याला अक्षरं दिसतात तीन, ठिपके उमटले सहा, कारण संगणक काना आणि वेलांट्या वेगळ्या मोजतो. इथवर मजा होती. मग 'दुसऱ्या' लिहिलं. त्यातला तो अर्धा र साठवायच्या दोन रीती आहेत. एक कीबोर्ड एका रीतीने लिहितो, दुसरा दुसऱ्या. डोळ्यांना एकच दिसतं, संगणकाला दोन वेगळे शब्द. म्हणजे 'दुसऱ्या' हा शब्दच दुसऱ्या वेळी जुळेलच असं नाही! तेव्हा देवनागरीतला पासवर्ड तूर्त नको. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा, पण एक लक्षात ठेवा : दिवाळीतला 'व' तुम्ही डब्ल्यूने लिहिता की व्हीने? घरात चार माणसं असतील तर पाच स्पेलिंग असतात.

आता थोडं कामाचं. हा भाग मुलांनी घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवावा आणि मोठ्यांनी मुलांना.

पासवर्ड म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द घ्या. सायबर सिक्युरिटी सेंटरचाही हाच सल्ला आहे. मुलांची नावं, गावाचं नाव, जन्मसाल नको. ईमेलचा पासवर्ड मात्र सगळ्यांहून वेगळा ठेवा, कारण बाकीच्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या ईमेलवरच येतात. 'दाखवा' बटण असेल तर एकदा दाबून नीट वाचून बघा. भारतातून आणलेला लॅपटॉप असेल तर कुठल्याही रिकाम्या पानावर शिफ्ट आणि २ दाबून काय उमटतं ते पाहा. एखादी सूचना हटतच नसेल तर पान नव्याने उघडा. आणि घरातले सगळे पासवर्ड एकाच माणसाच्या डायरीत असतील, तर या दिवाळीच्या सुट्टीत दोघांनी शेजारी बसून एकेक स्वतःचं खातं उघडा. याबद्दल मी जास्त काही लिहीत नाही.

शेवटची गोष्ट काकूंची. त्या दिवशी अ‍ॅटचा घोळ सापडल्यावर मी कीबोर्डचं सेटिंग बदलून दिलं आणि त्यांनी पासवर्ड नव्याने ठेवला. मग मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी कसली रे? माझ्यामुळे तुला दोन खेपा पडल्या." खरं सांगतो, फॉर्ममधल्या चुकीपेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं. आपल्या मागच्या पिढीने परक्या देशात येऊन घरं उभारली, नोकऱ्या केल्या, मंडळं चालवली. आता एक लाल ओळ त्यांना सांगते 'जुळत नाही', आणि त्यांना पहिल्यांदा वाटतं की आपलंच काहीतरी जुळत नाही. ते कधीच कुणाला सांगत नाहीत. 'जरा बरं नव्हतं' म्हणतात.

मागच्या हिवाळ्यात काकूंना ब्लेचली पार्क दाखवायला नेलं. दोनदा टाइप केलेल्या किल्लीची गोष्ट सांगितली. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. तिथे काम करणाऱ्यांमध्ये जवळपास तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या, हे कळल्यावर म्हणाल्या, "मग उलगडणारच."

या वर्षी गणपतीला नोंदणीच्या टेबलावर काकू बसल्या होत्या. समोर टॅब्लेट, शेजारी आमची मुलगी. एक आजोबा पासवर्ड लिहिताना अडखळले आणि सवयीने म्हणाले, "सॉरी हं, मला हे जमत नाही." काकूंनी त्यांचा हात धरून बोट 'दाखवा' बटणावर ठेवलं. "तुम्हाला जमतंय. आधी बघा तरी काय लिहिलंय ते."

मोदक अर्थातच काकूंचे होते.

तेव्हा मंडळी, मंडळाचा फॉर्म कुठेही अडला तर मला कळवा. रात्री कळवलंत तरी चालेल. फक्त फोनची सुरुवात 'सॉरी' म्हणून करू नका. बहुतेक वेळा ते मी म्हणायचं असतं.

आपणा सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!